खालचं कोर्ट निर्णयच देत नाहीये, हायकोर्टातून 'लवकर निकाल द्या' असा आदेश आणता येतो का?

गिरगावची_लेक:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही म्हणून लिहितेय. गिरगावात बाबांच्या नावावर एक जागा आहे. तिच्या ताब्याची केस २०१३ मध्ये टाकली, २०१९ ला निकाल आमच्या बाजूने लागला, समोरचे अपिलात गेले, ते अपीलही २०२२ मध्ये फेटाळलं गेलं आणि आता वर कुठेही स्टे नाहीये. मग आम्ही ताब्यासाठी दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून मागणारा अर्ज, लावली. बेलिफ वॉरंट घेऊन गेले तर दारात भलताच माणूस उभा, म्हणे मी इथे स्वतःच्या हक्काने राहतो, तुमच्या केसशी माझा काही संबंध नाही. बेलिफ तसा रिपोर्ट लिहून परत आले.

त्यावर वकिलांनी ऑब्स्ट्रक्शनिस्ट नोटीस काढली, म्हणजे ताब्याला आडवा येणाऱ्या त्या माणसाचा हक्क कोर्टाने तपासून अडथळा दूर करावा अशी मागणी. त्यात त्या माणसाचा पुरावा झाला, उलटतपासणी झाली, आमच्या बाजूचा युक्तिवाद पण पूर्ण झाला, आणि तिथून पुढे काही हलतच नाही. कधी त्यांचे वकील दुसऱ्या कोर्टात असतात, कधी तब्येत, कधी नवीन वकीलपत्र, मग मधेच साहेबांची बदली झाली आणि नवीन साहेब म्हणाले मला पुन्हा ऐकावं लागेल. पुन्हा आमचा युक्तिवाद झाला आणि पुन्हा समोरच्यांच्या तारखा सुरू. कोर्ट कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही.

बाबा ७९ वर्षांचे आहेत. ते आता तारखेला येत नाहीत, मीच जाते, आणि घरी आल्यावर काय झालं असं विचारतात तेव्हा सांगायला काही नसतं.

आमचे वकील म्हणतात हायकोर्टात २२७ खाली पिटिशन करू, वेळ बांधून घेऊ. ओळखीतले दुसरे एक वकील म्हणतात अजिबात नको, साहेब नाराज होतील आणि होणारं काम बिघडेल. हायकोर्ट खरंच खालच्या कोर्टाला सांगू शकतं का की आता निकाल द्या? आणि सांगितलं तर खालचं कोर्ट ऐकतं का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

वकील_प्रभादेवी:

ताई, शांतपणे वाचा, थोडं सविस्तर लिहितो कारण यात लोकांचे खूप गैरसमज असतात.

पहिली गोष्ट, हो, हायकोर्ट सांगू शकतं. घटनेच्या कलम २२७ खाली आपल्या हद्दीतल्या सगळ्या कोर्टांवर आणि ट्रिब्युनलवर देखरेख ठेवायचा अधिकार हायकोर्टाला आहे. खालचं कोर्ट आपल्या अधिकाराबाहेर गेलं तर त्याला आवरायचं आणि असलेला अधिकार वापरतच नसेल तर वापरायला लावायचं, दोन्ही त्यात येतं. तुमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारातलं आहे.

लोक येऊन म्हणतात आम्हाला २२६ खाली रिट हवी, मँडॅमस हवी, म्हणजे 'तुमचं काम करा' असा आदेश. सरकारी ऑफिस, महापालिका, पोलीस यांच्याविरुद्ध ते ठीक आहे. पण दिवाणी कोर्टाच्या न्यायालयीन आदेशावर २२६ ची रिट लागत नाही, २२७ चाच रस्ता, हे सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २०१५ मध्ये राधेश्याम विरुद्ध छबीनाथ या निकालात स्पष्ट केलंय. आपल्याकडे २२७ च्या अर्जालाही रिट पिटिशन म्हणूनच नंबर पडतो त्यामुळे घोळ होतो, पण तुमचे वकील २२७ म्हणतायत ते बरोबर आहे.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. हायकोर्ट फार तर 'ठरवा' असं सांगेल, 'अमुक बाजूने ठरवा' असं कधीच सांगणार नाही. आदेशात बहुतेक वेळा एक ओळ असतेच की दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे खुले आहेत, आम्ही गुणवत्तेवर काही बोललेलो नाही. त्यामुळे पिटिशनमध्ये आमची बाजू किती खरी आहे यावर वीस पानं लिहू नका. समोरचा माणूस किती खोटारडा आहे हे सांगायला गेलात की हायकोर्टाला वाटतं हे मागच्या दाराने निकाल मागतायत. फक्त इतकं दाखवायचं की काम पूर्ण होत आलंय, निर्णय तेवढा बाकी आहे, आणि तो का होत नाहीये ते रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या कोर्टाच्या नोंदीत, दिसतंय.

तिसरी गोष्ट तुमच्या वकिलांनी सांगितली नसेल तर त्यांना विचारा. २९ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला, हायकोर्ट बार असोसिएशन अलाहाबाद विरुद्ध उत्तर प्रदेश. तो जास्त गाजला स्टेच्या मुद्द्यावर, म्हणजे सहा महिने झाले की स्टे आपोआप उठतो हा २०१८ चा नियम त्यांनी काढून टाकला. पण त्याच निकालात असंही म्हटलंय की घटनात्मक कोर्टांनी, म्हणजे हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाने, दुसऱ्या कोर्टातल्या केसेसना एरवी वेळ बांधून देऊ नये, अपवादात्मक परिस्थिती असेल तरच द्यावी. कुठली केस आधी घ्यायची हे त्या कोर्टात बसलेल्या न्यायाधीशाला जास्त चांगलं कळतं, म्हणून ते त्याच्यावर सोडावं. त्या निकालानंतर 'आमची केस जुनी आहे, सहा महिन्यांत संपवा' एवढंच घेऊन गेलात तर अवघड जातं. तुमचं प्रकरण अपवादात बसतं का हे दाखवावं लागेल. माझ्या मते तुमच्याकडे दाखवण्यासारखं आहे, कारण ही दरखास्त आहे, नवीन दावा नाही.

दरखास्तीबद्दल राहुल शाह विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या २०२१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत दरखास्त निकाली काढायची आणि जास्त वेळ लागला तर त्याची कारणं लेखी नोंदवायची. मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात पुन्हा तेच सांगून सगळ्या हायकोर्टांना पडून राहिलेल्या दरखास्तींची माहिती मागवायला लावली. म्हणजे तुम्ही वेगळी सवलत मागत नाही आहात, जी मुदत सुप्रीम कोर्टानेच घालून दिलीय ती पाळा एवढंच म्हणताय. पिटिशन या पायावर उभी करा.

निवृत्त_शिरस्तेदार:

मी आयुष्यभर कोर्टात नोकरी केली, मुंबईत आणि मुंबईबाहेर दोन्हीकडे, म्हणून टेबलाच्या पलीकडून कसं दिसतं ते सांगतो.

साहेब नाराज होतील ही भीती लोकांना फार असते. रोजच्या बोर्डावर इतकी प्रकरणं असतात की दुपारपर्यंत निम्मा बोर्ड फक्त पुकारण्यात आणि तारखा देण्यात जातो. त्यात हायकोर्टाचा आदेश आला की फाईलच्या कव्हरवर टाइम-बाउंड असं मोठ्या अक्षरात लिहिलं जातं, अशा प्रकरणांची वेगळी यादी असते, ती वर कळवावी लागते. साहेबांना व्यक्तिशः राग यायचं कारण नसतं, उलट समोरचा वकील तारीख मागायला उभा राहिला की त्यांना सांगता येतं, माझे हात बांधलेले आहेत, आज बोला नाहीतर मी बंद करतो. कितीतरी न्यायाधीशांना हे हवंच असतं. नेहमी तारीख नाकारणारा न्यायाधीश म्हणून बारमध्ये नाव होणं कुणाला आवडत नाही.

राग येतो तो वेगळ्या कारणाने. पिटिशनमध्ये लोक लिहितात की कोर्ट मुद्दाम टाळतंय, कोर्टाचं समोरच्याशी साटंलोटं आहे. तो कागद परत त्याच टेबलावर येतो हे लक्षात ठेवा. असं काही लिहू नका, आणि खरंच तसं वाटत असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याला ट्रान्सफरचा अर्ज असतो.

आणखी एक सांगतो. मुदत संपली आणि निकाल झाला नाही तर आकाश कोसळत नाही. न्यायाधीश हायकोर्टाला पत्र लिहून मुदतवाढ मागतात, कारणं देतात, बहुतेक वेळा मिळते. पण ते पत्र लिहिणं कुणालाच आवडत नाही, म्हणूनच काम हलतं.

कांदिवली_ठाकूर_व्हिलेज:

आमचा अनुभव लिहिते, जागेचाच वाद होता पण कोर्ट वेगळं. आम्ही हायकोर्टातून आदेश आणला, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की अमुक महिन्यांत अर्ज निकाली काढा, घरी पेढे वाटले. आणि नंतर काय, काहीच नाही! तारीख लागली ती पण नेहमीसारखी लांबची. मग कळलं की आदेश हायकोर्टाच्या वेबसाइटवर आहे, आमच्या मोबाईलमध्ये आहे, वकिलांच्या ऑफिसात आहे, पण खालच्या कोर्टाच्या फाईलमध्ये नाहीच. आमच्या ज्युनियर वकिलांना वाटलं हायकोर्ट आपोआप पाठवेल. शेवटी अर्ज लिहून त्याला आदेशाची प्रत जोडली, रोजनाम्यात तशी नोंद करून घेतली आणि मग दोन तारखा जवळजवळच्या पडल्या, आणि समोरच्यांचे वकील पहिल्यांदाच वेळेवर आले. म्हणून सांगते, आदेश मिळाल्याच्या आठवड्यातच तो खाली फाईलवर घ्या, कुणावर अवलंबून राहू नका.

वकील_प्रभादेवी:

कांदिवली ताईंनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. मी तर पिटिशनमध्येच मागतो की दोन्ही पक्षकारांनी अमुक तारखेला खालच्या कोर्टात हजर राहून या आदेशाची प्रत द्यावी, म्हणजे नोटीस काढण्यात वेळ जात नाही आणि समोरचा मला माहीत नव्हतं असं म्हणू शकत नाही.

कोलंबसकर_मूळ_पार्ले:

मी गेली बरीच वर्षं ओहायोत आहे, इथे एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल म्हणून काम करतो, वकील नाही. वाचताना गंमत वाटली की इथेही अगदी हाच प्रश्न घेऊन लोक येतात. फेडरल कोर्टात वरच्या कोर्टाने खालच्याला मँडॅमस द्यायचा अधिकार १७८९ पासूनच्या ऑल रिट्स ॲक्टमधून येतो, पण मिळणं फार कठीण. २००४ च्या चेनी खटल्यात यूएस सुप्रीम कोर्टाने तीन अटी पुन्हा मांडल्या, दुसरा कुठलाही पुरेसा उपाय नसावा, हक्क अगदी स्पष्ट आणि वादातीत असावा, आणि हे दोन्ही असूनही वरच्या कोर्टाला वाटलं पाहिजे की या परिस्थितीत आदेश देणं योग्य आहे. ओहायोच्या राज्य कोर्टांमध्ये तर यासाठीच एक वेगळी रिट आहे, प्रोसिडेंडो नावाची, खालचं कोर्ट निर्णय द्यायला नकार देत असेल किंवा विनाकारण उशीर करत असेल तर 'पुढे चला' एवढंच सांगणारी. आणि इथे राज्याच्या नियमात मोशनवर, म्हणजे केसमधल्या अर्जावर, १२० दिवसांत निर्णय द्यावा असं लिहिलंय, त्यामुळे मोजायला काहीतरी पट्टी असते.

इथे आधी अशा अर्जात जज्जलाच प्रतिवादी करायचे. फेडरल अपील कोर्टांच्या नियमात १९९६ ला बदल झाला आणि आता जज्जला पार्टी धरत नाहीत, वरच्या कोर्टाला वाटलं तर ते जज्जचं म्हणणं मागवू शकतात. आपल्याकडे काय करतात? गिरगावच्या ताईंना न्यायाधीशांना नोटीस पाठवावी लागणार का?

वकील_प्रभादेवी:

नाही, आणि बरं झालं विचारलंत. सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये सावित्रीदेवी विरुद्ध जिल्हा न्यायाधीश, गोरखपूर या प्रकरणात सांगितलंय की न्यायालयीन अधिकाऱ्यांना असं प्रतिवादी करणं चुकीचं आहे. २०१५ ला पुन्हा तेच. पार्टी फक्त समोरची माणसं, ज्यांच्याशी तुमचा वाद आहे ती. हायकोर्टाला खालची परिस्थिती जाणून घ्यायची असेल तर ते रजिस्ट्रारमार्फत त्या कोर्टाकडून रिपोर्ट मागवतात, प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे, किती वेळ लागेल वगैरे. कधीकधी नुसता रिपोर्ट मागवल्यानेच काम होतं, पुढच्या तारखेपर्यंत खालून निकाल आलेला असतो आणि पिटिशन तशीच निकाली निघते. त्याला हरलो म्हणायचं नाही, तुम्हाला जे हवं होतं ते मिळालं.

लालबाग_४१२:

मला एक वेगळं बोलायचंय, कुणाला आवडेल न आवडेल. माझ्या वडिलांची पण केस आहे आणि ती पण जुनी आहे. आमच्याकडे हायकोर्टात जायला पैसे नाहीत. जे हायकोर्टात जातात त्यांच्या केसवर लाल शिक्का बसतो आणि त्या दिवशी साहेबांचा वेळ तिकडे जातो, आमची केस आपोआप मागे. म्हणजे ज्याच्याकडे दुसऱ्या वकिलाची फी आहे तो रांगेत पुढे. घटनापीठाने जे म्हटलं ते मला बरोबरच वाटतं. गिरगावच्या ताईंच्या बाबांबद्दल मला वाईट वाटतं, पण रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांचेच बाबा म्हातारे आहेत.

निवृत्त_शिरस्तेदार:

लालबागच्या भाऊंचं म्हणणं मनाला लागलं, आणि ते खरं आहे. मी स्वतः पाहिलंय, टाइम-बाउंडची यादी इतकी वाढते की मग ती टाइम-बाउंड राहतच नाही, सगळीच लाल कव्हरं. आमच्या एका साहेबांनी तर दर शुक्रवारचा दुपारचा बोर्ड फक्त त्यांच्यासाठी ठेवला होता आणि बाकीच्यांना तेव्हा तारखाच मिळायच्या.

पण एक फरक करायला हवा भाऊ. दावा दाखल झालाय, मुद्दे निघायचेत, साक्षीदार यायचेत, आणि माणूस हायकोर्टात जाऊन म्हणतो सहा महिन्यांत सगळं उरका, त्याने खरोखर दुसऱ्याची जागा घेतली. इथे तसं नाही. सगळं ऐकून झालंय, राहिला आहे फक्त एका बाजूचा युक्तिवाद, तोही ते मुद्दाम करत नाहीत. याला अर्धा दिवस लागेल. उलट हे प्रकरण प्रत्येक तारखेला बोर्डावर येऊन जागा अडवतंय, ते संपलं तर मागच्याला ती जागा मिळेल.

वकील_प्रभादेवी:

लालबाग, तुमच्यासाठी एक वेगळं लिहितो कारण ते अनेकांना माहीत नसतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. हायकोर्टाची स्वतःची विधी सेवा समिती आहे, तिथे अर्ज करायचा. केसमध्ये आईचंही नाव पक्षकार म्हणून असेल तर आईच्या नावाने अर्ज करा. हे उपकार म्हणून मिळत नाही, हक्क आहे तुमचा.

आणि हायकोर्टात न जाता पण खूप होतं, ते कुणी करत नाही. गिरगावच्या ताई, हे तुमच्यासाठी पण आहे, कारण हायकोर्टातला पहिला प्रश्न हाच असेल की तुम्ही खाली काय केलंत?

खालच्या कोर्टात लवकर सुनावणीचा लेखी अर्ज द्या, वय ७९ असल्याचा पुरावा जोडून. तोंडी सांगितलेलं रोजनाम्यात येत नाही, लेखी अर्जाला नंबर पडतो आणि त्याच्यावर काहीतरी आदेश करावाच लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १७ मध्ये लिहिलंय की सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, आणि वकील दुसऱ्या कोर्टात आहेत हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही. हे अर्जात लिहा. दावा नसून दरखास्त आहे म्हणून समोरचा वाद घालेल, घालू दे, तत्त्व तेच आहे. ऑर्डर १८ नियम २ मध्ये लेखी युक्तिवादाची सोय आहे आणि तोंडी युक्तिवादाला कोर्ट वेळेची मर्यादा घालू शकतं. तुमचा लेखी युक्तिवाद आत्ताच दाखल करून टाका. म्हणजे उद्या परत बदली झाली तरी नवीन साहेबांसमोर तुमची बाजू कागदावर तयार असेल. पुरावा पुन्हा घ्यावा लागत नाही, ऑर्डर १८ नियम १५ प्रमाणे आधीच्या न्यायाधीशाने घेतलेला पुरावा नवीन न्यायाधीश वापरू शकतात, अडतं ते युक्तिवादाशी.

आणि युक्तिवाद संपून निकालासाठी ठेवलं की ऑर्डर २० बघा, तीस दिवसांत निकाल, अपवादात्मक कारण असेल तर साठ. हायकोर्टात निकाल राखून ठेवतात त्याच्यासाठी अनिल राय विरुद्ध बिहार या २००१ च्या निकालात वेगळ्या मुदती आहेत, लोक दोन्हीची गल्लत करतात.

गिरगावची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. लालबागच्या दादांनी लिहिलं ते वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही, कारण मी पण तशीच बाकावर बसून दुसऱ्यांची लाल कव्हरं पुढे जाताना पाहिलीयत.

काल रोजनाम्याची सर्टिफाइड कॉपी काढायला अर्ज दिला. ई-कोर्टच्या ॲपवर जे दिसतं ते मी वहीत उतरवून काढलं, तर आमच्या युक्तिवादानंतरच्या बहुतेक तारखांना पुढे फक्त 'युक्तिवादासाठी' इतकंच आहे, तहकुबी कुणी मागितली ते ॲपवर नाहीये. ते रोजनाम्यात असतं ना? आणि लवकर सुनावणीचा अर्ज आम्ही दिलाच नव्हता, वकील म्हणाले साहेबांना तोंडी विनंती केलीय.

अजून दोन गोष्टी विचारायच्यात. बाबा चालू शकत नाहीत तर पिटिशनवर सही मी करू शकते का? आणि मला स्वतःला उभं राहून बोलता येईल का, म्हणजे वकिलांची फी वाचेल.

वकील_प्रभादेवी:

रोजनाम्यात असतं, म्हणूनच तो सगळ्यात मोलाचा कागद. प्रत्येक नोंदीसमोर तहकुबी कुणी मागितली, खर्च लावला का, हे एका तक्त्यात मांडा आणि पिटिशनला जोडा. न्यायमूर्ती आधी तक्ता बघतात, मजकूर नंतर. जिथे तुमच्या बाजूने तारीख मागितली असेल ती पण त्यात प्रामाणिकपणे दाखवा, लपवलीत तर समोरचा पहिल्याच मिनिटाला काढेल आणि मग बाकी तक्त्यावरचा विश्वास जातो.

सही, हो, बाबांनी कुलमुखत्यारपत्र करून दिलं तर तुम्ही सही आणि प्रतिज्ञापत्र करू शकता. पण कुलमुखत्यार म्हणून उभं राहून युक्तिवाद करता येत नाही, त्याला कोर्टाची खास परवानगी लागते आणि ती सहसा मिळत नाही. पक्षकाराला स्वतः बोलायचं असेल तर मुंबई हायकोर्टाचे त्यासाठी नियम आहेत, आधी रजिस्ट्रीच्या समितीसमोर जावं लागतं. बाबांची तब्येत बघता त्या वाटेला जाऊ नका.

माझा सल्ला असा. आधी लेखी अर्ज आणि लेखी युक्तिवाद खाली दाखल करा, एक-दोन तारखा बघा. अर्जावर आदेशच झाला नाही किंवा तरीही तारखाच पडल्या तर पिटिशन करा, आणि त्यात मागणी छोटी ठेवा. दरखास्त संपवा, ताबा द्या असं नको, फक्त या ऑब्स्ट्रक्शनिस्ट नोटिशीवर सुनावणी पूर्ण करून निर्णय द्या. मागणी जितकी छोटी आणि नेमकी तितकी मिळायची शक्यता जास्त. सोबत अपिलाचा आदेश जोडा, वर स्टे नाही हे प्रतिज्ञेवर लिहा, आणि समोरच्यांनी कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा आधीच दिलेला अर्ज) टाकलंय का ते आधी तपासून घ्या, टाकलं असेल तर त्यांना आगाऊ प्रत द्यावी लागेल.

लालबाग_४१२:

वकील साहेब, विधी सेवा समितीचं खरंच माहीत नव्हतं. आई पक्षकार आहे आमच्या केसमध्ये. सोमवारी जातो. ताई, तुम्ही तक्ता करताय तो कसा करताय ते इथे टाकाल का, नावं काढून? मला पण तसाच करायचाय.

गिरगावची_लेक:

हो दादा, नक्की टाकते. कॉलम असे ठेवलेत, तारीख, कोण हजर, त्या दिवशी काय व्हायचं होतं, काय झालं, तहकुबी कुणी मागितली, कारण, खर्च लावला का, पुढची तारीख. नक्कल हातात आली की त्यावरून भरणार, ॲपवरून नाही. लेखी अर्ज वकिलांना आजच तयार करायला सांगितलाय, बाबांच्या आधार कार्डाची आणि डॉक्टरांच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली.

निवृत्त_शिरस्तेदार:

सर्टिफिकेट ताजं घ्या, तारीख या महिन्याची हवी. आणि अर्ज बोर्डावरच्या तारखेलाच द्यायचा असं काही नाही, मधल्या दिवशीही देता येतो, समोरच्या वकिलांना प्रत देऊन त्यांची सही घ्या म्हणजे पुढच्या तारखेला आम्हाला उत्तर द्यायला वेळ हवा असं म्हणायची सोय त्यांना राहणार नाही. हायकोर्टात जायचंच ठरलं तर मे महिन्यातली सुट्टी लक्षात ठेवून दाखल करा, सुट्टीतल्या कोर्टात फक्त तातडीची कामं घेतात आणि हे त्यांच्या दृष्टीने तातडीचं धरलं जाणार नाही.